विद्यापीठीय भाषणस्वातंत्र्य व इझ्राएलविषयक विद्यार्थि-निदर्शने

इझ्राएल–पॅलेस्टाइन संघर्षाशी निगडित व्याख्याने, चित्रपट, परिसंवाद किंवा राजदूतांच्या भेटी यांच्या निमित्ताने विद्यापीठांच्या आवारात झालेली निदर्शने आणि त्यांतून उद्‌भवलेले भाषणस्वातंत्र्याचे वाद. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन इ. देशांत असे वाद प्रथम उद्‌भवले व तेथेच ते अधिक गाजले. महाराष्ट्रात ते २०२३ नंतर ठळकपणे पुढे आले. मात्र येथे त्यांचे स्वरूप वेगळे आहे. पाश्चात्त्य विद्यापीठांत मुख्य प्रश्न असतो, तो चालू सभेत अडथळा आणण्याचा हक्क विद्यार्थ्यांना आहे की नाही, हा. महाराष्ट्रात वाद बहुधा सभा भरण्यापूर्वीच सुरू होतो आणि तो परवानगीचा असतो. या फरकाचे मूळ इझ्राएलच्या प्रश्नात नसून विद्यार्थ्याकडे पाहण्याच्या एका जुन्या दृष्टीत आहे.

ही दृष्टी वंगभंगाच्या चळवळीत स्पष्ट झाली. बंगाल सरकारने १९०५ च्या ऑक्टोबरात कार्लाइल परिपत्रक काढून विद्यार्थ्यांना राजकीय चळवळीपासून दूर ठेवण्याची जबाबदारी शाळा-महाविद्यालयांवर टाकली. १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव सर हर्बर्ट रिझ्ली यांच्या परिपत्रकाने हेच धोरण सर्व देशाला लागू केले. विद्यार्थ्यांनी राजकीय सभांत भाग घेतल्यास संस्थेचे अनुदान बंद होऊ शके आणि विद्यार्थ्याला काढून टाकता येई. पुण्यात त्यापूर्वीच, १९०५ मध्ये, विदेशी कापडाच्या होळीबद्दल फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य र. पु. परांजपे यांनी वि. दा. सावरकर यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढले होते. केसरीने या शिक्षेवर कडक टीका केली. या प्रकरणाकडे देशभक्ती विरुद्ध राजनिष्ठा असे पाहण्याची प्रथा आहे. ते अपुरे आहे. परांजपे उदारमतवादी होते. विद्यार्थिदशेत माणूस संस्थेचा पाल्य असतो आणि त्याच्या राजकीय मतांची वेळ पदवीनंतर येते, ही त्यांची धारणा त्या काळातील अनेक सुशिक्षितांची होती. राज्य बदलले, तरी ही धारणा टिकली.

दूरच्या देशातील अन्यायाशी येथील विद्यार्थ्यांचा काय संबंध, असा प्रश्न या वादांत वारंवार विचारला जातो. त्याचे एक उत्तर सोलापूरच्या इतिहासात आहे. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक चीनला धाडले, त्यात ते गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. भैय्या चौकातील त्यांचे घर आता स्मारक झाले आहे. ते निघाले, तेव्हा हिंदुस्थान स्वतः पारतंत्र्यात होता. त्यांच्या गावानेही त्याआधी आठ वर्षे परवानगीच्या राज्याचा कडेलोट अनुभवला होता. १९३० च्या १२ मे ते ३० जून या काळात सोलापुरात लष्करी कायदा जारी होता व राष्ट्रध्वज बाळगणे हाही तेव्हा शिक्षेस पात्र अपराध ठरला. त्याच वर्षीच्या घटनांवरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व ‘गझनफर’ या पत्राचे संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. आपल्या घरची आग विझेपर्यंत परक्याकडे पाहू नये, हा नियम कोटणीसांनी पाळला असता, तर त्यांना सोलापुराबाहेर पाऊल टाकता आले नसते.

स्वातंत्र्योत्तर काळात सु. चार दशके इझ्राएलच्या प्रश्नावर विद्यापीठांत मोठा संघर्ष झाला नाही. कारण उघड आहे. भारताने १९४७ मध्ये पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिले. १७ सप्टेंबर १९५० रोजी इझ्राएलला मान्यता दिली, पण संबंध मुंबईतील वाणिज्य दूतावासापुरतेच मर्यादित ठेवले. १९७४ मध्ये पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेस आणि १९८८ मध्ये पॅलेस्टाइन राज्यास मान्यता दिली. विद्यार्थ्यांच्या घोषणा आणि सरकारचे धोरण एकाच दिशेने वाहत असताना घोषणांना परवानगी लागत नाही. त्या काळात तोंड बंद झाले, ते दुसऱ्या बाजूचे. मुंबईतील इझ्राएली वाणिज्यदूत योसेफ हसीन यांनी १९८२ मध्ये एका वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत भारताच्या अरब धोरणावर टीका केली, तेव्हा त्यांना देश सोडण्यास सांगण्यात आले. आज पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणाऱ्यांना अडविले जाते, याबद्दल खंत करणाऱ्यांना हे प्रकरण क्वचितच आठवते. २९ जानेवारी १९९२ रोजी पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले व पुढे संरक्षण, शेती व पाणीव्यवस्थापन या क्षेत्रांत सहकार्य वाढले. तेव्हापासून सरकारचे धोरण व जुनी सहानुभूती यांत अंतर पडत गेले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने इझ्राएल हा केवळ परराष्ट्रधोरणाचा विषय नाही. कोकणातील बेने इझ्राएल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्यापैकी बहुसंख्य इझ्राएलला गेले, तरी तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघत राहिले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या छाबाड हाउसमध्ये ज्यू स्त्रीपुरुषांची हत्या झाली, तिची आठवणही ताजी आहे. दुसरीकडे पुण्याच्या महाविद्यालयांत अरब देशांतील विद्यार्थी अनेक वर्षे शिकत आले आहेत. म्हणून हा वाद येथे येतो, तेव्हा दोन्ही बाजूंना जवळची माणसे असतात.

परदेशांतील तीन प्रसंग तुलनेसाठी उपयोगी आहेत. माँट्रिऑलच्या काँकॉर्डिया विद्यापीठात ९ सप्टेंबर २००२ रोजी बेंजामिन नेतान्याहू यांचे भाषण दंगलीमुळे रद्द करावे लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन आवारात ८ फेब्रुवारी २०१० रोजी इझ्राएलचे राजदूत मायकेल ओरेन बोलत असताना विद्यार्थी एकामागून एक उठून घोषणा देत बाहेर पडले. अकरा जणांना अटक झाली व त्यांपैकी दहा जण सप्टेंबर २०११ मध्ये सभेत व्यत्यय आणल्याबद्दल दोषी ठरले. घोषणा देणारे म्हणत, आमचा व्यत्यय हेही भाषणच आहे. सरकारी वकिलाचे म्हणणे असे की, वक्त्याचे भाषण बंद पाडणे म्हणजे भाषणस्वातंत्र्य नव्हे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एप्रिल २०२४ मध्ये गाझातील युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांनी हिरवळीवर तंबू ठोकले, तेव्हा पोलिसांनी पहिल्याच कारवाईत शंभराहून अधिक जणांना पकडले. अर्व्हाइनचा प्रश्न मराठी वाचकाला अनोळखी नाही. सभा उधळणे ही कला महाराष्ट्राने केव्हाच आत्मसात केली होती; १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये व्यासपीठावर भिरकावला गेलेला जोडा मराठी बनावटीचा होता, असे सांगतात.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इझ्राएलमध्ये सु. १,२०० माणसे मारली गेली व सु. २५० ओलीस धरली गेली. त्यानंतर इझ्राएलने गाझात केलेल्या युद्धात हजारो पॅलेस्टिनी मृत्यू पावले. या पार्श्वभूमीवर पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना १९५८) ६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाट्यप्रयोगविषयक एका पाठ्यक्रमात ‘आर्नाज चिल्ड्रन’ हा अनुबोधपट व त्यावर ‘जन नाट्य मंच’चे रंगकर्मी सुधन्वा देशपांडे यांचे भाषण योजिले होते. ज्यू कुटुंबातील आर्ना मेर या इझ्राएली स्त्रीने जेनीन येथील निर्वासित छावणीत मुलांसाठी रंगभूमी उभारली. त्या मुलांचे पुढे काय झाले, हे तिचा मुलगा जुलिआनो मेर-खमीस याने या अनुबोधपटात टिपले आहे. काही मुले पुढे सशस्त्र गटांत गेली. नाट्यशास्त्राच्या वर्गात तो दाखविण्यास सबळ कारण होते, हे मान्य करावे लागते. काही विद्यार्थ्यांनी मात्र दहशतवादाचे समर्थन झाल्याचा आरोप करून पवई पोलिसांकडे तक्रार दिली आणि संबंधित प्राध्यापिकेवर कारवाईची मागणी केली. संस्थेच्या दारावर बाहेरच्या संघटनेने निदर्शने केली. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय संबंधांचे निवृत्त प्राध्यापक अचिन वनाईक यांचे इझ्राएल–पॅलेस्टाइनच्या इतिहासावरील व्याख्यान संस्थेने रद्द केले.

पवईतील घटनाक्रमात लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, अर्व्हाइनसारखा व्यत्यय येथे आलाच नाही. भाषण पुरे झाले. वाद नंतर पोलीस ठाण्यात गेला. ज्यांना ते भाषण आक्षेपार्ह वाटले, त्या विद्यार्थ्यांचा निषेधाचा हक्क वादातीत होता. पण त्यांनी वर्गात प्रश्न विचारण्याऐवजी कारवाई मागितली आणि संस्थेने प्रश्नोत्तरांना जागा देण्याऐवजी नियम केले. नोव्हेंबर २०२३ मध्येच जारी झालेल्या अंतरिम मार्गदर्शक सूचनांनुसार बाहेरच्या वक्त्यांचे राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम पुनर्विलोकन समितीच्या पूर्वसंमतीविना घेता येणार नव्हते. कार्यक्रम राजकीय की अराजकीय, हे ठरविणे सोपे दिसते, पण तसे नाही. पाटबंधाऱ्यांच्या अर्थशास्त्रावरील किंवा सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांच्या क्षयरोगावरील व्याख्यानही कोणाला तरी राजकीय वाटू शकते. अशा नियमाचा परिणाम नकारांच्या संख्येवरून मोजता येत नाही. ज्यांचे अर्ज कधी लिहिलेच गेले नाहीत, ती व्याख्याने कोणत्याही नोंदवहीत नसतात.

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील (स्थापना १९३६) प्रकरण इझ्राएलविषयी नव्हते. पण न्यायालयीन निर्णयामुळे ते या साऱ्या वादांचे मार्गदर्शक ठरले. एका दलित संशोधक विद्यार्थ्याला १८ एप्रिल २०२४ रोजी दोन वर्षांसाठी निलंबित करण्यात आले. दिल्लीतील विद्यार्थी संघटनांच्या मोर्चातील सहभाग व ‘राम के नाम’ हा अनुबोधपट पाहण्याचे समाजमाध्यमावरून केलेले आवाहन ही त्यामागील मुख्य कारणे होती. मुंबई, तुळजापूर, हैदराबाद व गुवाहाटी या चारही आवारांत त्याला प्रवेशबंदी झाली. तुळजापूरचे ग्रामीण आवार सोलापूरपासून सु. ४५ किमी. अंतरावर आहे, म्हणजे दिल्लीतील मोर्चाची शिक्षा मराठवाड्याच्या माळापर्यंत पोहोचली. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्याची याचिका फेटाळली. विद्यार्थ्याला राजकीय मत असू शकते. पण संस्थेचे नाव जोडलेल्या फलकाखाली त्याने मोर्चात जाण्याने ते मत संस्थेचेच असल्याचा ग्रह होतो, अशी न्यायालयाची भूमिका होती. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निलंबनाचा काळ भोगलेल्या मुदतीपुरता कमी करून त्याचा संशोधनाचा मार्ग मोकळा केला. शिक्षा आटोपली, पण संस्थेच्या आवाराबाहेरील राजकीय वर्तनाबद्दल संस्था कितपत शिक्षा करू शकते, हा मूळ प्रश्न शिल्लक राहिला.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९ (१) नुसार भाषणाचे व निःशस्त्र, शांततामय सभेचे स्वातंत्र्य नागरिकांना आहे. ते फक्त नागरिकांना असल्याने भारतात शिकणाऱ्या पॅलेस्टिनी किंवा इझ्राएली विद्यार्थ्याला, म्हणजे ज्याचे घर या प्रश्नात जळत आहे त्यालाच, ते मिळत नाही. या स्वातंत्र्यावरील निर्बंधांच्या कारणांत परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध हे कारण १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने घालण्यात आले. संसदेत श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी त्या दुरुस्तीस कडवा विरोध केला होता. पवई व टाटा संस्थेच्या प्रकरणांत मात्र संविधानातील या कारणापेक्षा शिस्त, पूर्वपरवानगी व संस्थेची प्रतिष्ठा यांवरच भर दिसतो. संविधानातील निर्बंध ‘वाजवी’ असावा लागतो व तो कायद्याने घालावा लागतो. वसतिगृहाच्या नियमावलीला ही कसोटी सहसा लावली जात नाही.

विद्यार्थ्यांच्या वतीने बोलणारी निर्वाचित संस्था नसणे, हे महाराष्ट्रातील परिस्थितीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. निवडणुकांतील हिंसेनंतर १९९४ च्या विद्यापीठ अधिनियमाने थेट निवडणुका बंद झाल्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ याने त्यांची पुन्हा तरतूद केली, परंतु प्रत्यक्षात त्या वारंवार लांबणीवर पडल्या. २००४ मध्ये शिवाजी विद्यापीठातून वेगळे झालेले व २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ याच अधिनियमाखाली येते. पवईची संस्था केंद्रीय कायद्याखाली, टाटा संस्था अभिमत विद्यापीठ म्हणून आणि सोलापूरचे विद्यापीठ राज्याच्या कायद्याखाली, अशी ही तीन वेगळी घराणी आहेत. जुळे सोलापुरातील एखाद्या विद्यार्थ्याने गाझाविषयी सभा घ्यावयाची म्हटले, तर त्याने कोणत्या निकषांवर परवानगी मागावी, हे तो तुळजापुरात शिकतो की सोलापुरात, यावर अवलंबून राहते.

आवाराबाहेरही प्रश्न संपत नाही. गाझातील युद्धाविरुद्ध मुंबईच्या आझाद मैदानावर सभेस पोलिसांनी परवानगी नाकारल्याबद्दलची भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी) याची याचिका उच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी फेटाळली. मूळ अर्ज दुसऱ्या संघटनेचा होता, हे त्यामागील एक कारण होते. शिवाय हजारो मैलांवरील प्रश्नाऐवजी कचरा, सांडपाणी, पूर अशा देशातील प्रश्नांकडे लक्ष द्यावे, असे खंडपीठाने तोंडी सुचविले. पुढील महिन्यात पोलिसांनी परवानगी दिली आणि त्याच मैदानावर सभा झाली.