कव्हरातलं अंतराळ

सत्तरच्या दशकात आमच्या कर्जत-खालापूरकडच्या शाळांत शिकलेल्यांना 'सोव्हिएत देश' आठवत असेल. जाड गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं आणि किंमत अगदीच थोडी. वाचायला कमी आणि पुस्तकांना कव्हर घालायलाच तो जास्त खपायचा. माझ्या भूगोलावर युरी गागारिन होता, १२ एप्रिल १९६१ ला अंतराळात गेलेला पहिला माणूस. बहिणीच्या गणितावर व्हॅलेंटिना तेरेश्कोवा.

म्हणूनच ते अंक आता मिळत नाहीत. जे वापरले ते फाटले. उरले ते बहुतेक कुणी न उघडलेले. खोपोलीच्या रद्दीवाल्याकडून मी ते किलोवर घेतो. वांगी निवडावीत तसे निवडू देतो बिचारा.

अमेरिकेचं 'स्पॅन' १९६० पासून निघायचं, पण इंग्रजीत. ते आमच्या वाडीत कुठलं यायला? घाट चढायला कर्जतला गाड्यांना मागून इंजिनं लागतात, त्यामुळे इथे रेल्वेची मोठी वस्ती. तिथल्या रद्दीत काही अंक हाती लागले. दहावीच्या इंग्रजीवर आणि पुतण्याच्या मदतीने वाचतो.

१९६९ चे दोन्हीकडचे अंक शेजारी ठेवले की गंमत कळते. जुलैत आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. ते तिथे असतानाच रशियाचं बिनमाणसाचं लूना-१५ चंद्रावर आदळून फुटलं. त्याआधी ३ जुलैला माणूस चंद्रावर न्यायला बांधलेलं रशियाचं प्रचंड रॉकेट उड्डाणाच्या जागीच कोसळून स्फोट झाला होता. ही गोष्ट त्या सरकारने जवळपास वीस वर्षं दाबून ठेवली. आमच्या कव्हरावर मात्र सगळे हसतच होते. खोटं छापलं असं मी म्हणणार नाही, छापलंच नाही. करंडीत वर चांगला माल लावायची रीत शेतकऱ्याला काय सांगायची!

आणि एक गोष्ट दोघांच्याही अंकांत मला सापडली नाही, ती आमची. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेचं ७७ टनांचं स्कायलॅब खाली पडणार, कुठे ते नक्की नाही, असं रेडिओवर आलं. लावणी ऐन भरात होती. वाडीतल्या लोकांनी कोंबड्या कापून खाल्ल्या, काहींनी उधारी फेडायची थांबवली, एक म्हातारी लेकीला भेटायला चिखलातून नेरळपर्यंत चालत गेली. ११ जुलैच्या रात्री ते हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडलं. तिथल्या एस्परन्स गावाने अमेरिकेला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड लावला. आम्ही कोंबड्यांचे कुणाकडे मागायचे? वाडीतली ही हकिकत वहीच्या पानावर लिहून मी त्या वर्षाच्या गठ्ठ्यात ठेवली आहे. शोधणाऱ्याला सापडेल.

२६ जुलै २००५ च्या पुरात उल्हासचं पाणी घरात शिरलं आणि एक पेटी गेली. गुळगुळीत कागद भिजला की पानाला पान चिकटतं, सोडवायला गेलं की चित्रच निघून येतं. तेव्हापासून अंक माळ्यावर, कडुलिंबाच्या पाल्यात. वाळवीसाठी दर पंधरा दिवसांनी वर चढतो. सूनबाई खाली शिडी धरते आणि बोलून घेते.

त्या पेटीत आर्यभट्टाचा अंक होता. १९ एप्रिल १९७५ ला आपला पहिला उपग्रह रशियाच्या रॉकेटने गेला, पुढे तो दोन रुपयांच्या नोटेवर आला. नोटा माझ्याकडे तीन आहेत. अंक शोधतो आहे. कुणाच्या माळ्यावर त्या वर्षाची जुनी पुस्तकं असतील, तर कव्हरं फाडण्याआधी उलटी करून बघा.