जंतू सापडला, वाट सापडली नव्हती

एखाद्या गोष्टीचं कारण कळलं की ती गोष्ट कळली, असं आपण सहज धरून चालतो. ही समजूत आज जरा तपासू. त्यासाठी १८९६ सालच्या मुंबईत जाऊ.

त्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जंतू तेव्हा अज्ञात नव्हता, हे ध्यानात घ्या. १८९४ मध्येच हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी तो शोधला होता. पण तो माणसापर्यंत पोचतो कसा, हे ठाऊक नव्हतं. मग मोहीम निघाली ती घाणीवर आणि माणसांवर. घरं धुतली, सामान जाळलं. १८९७ मध्ये पुण्यात तर रोगी शोधायला सैनिक घराघरांत शिरले. त्यातून किती संताप उसळला आणि रँडचं काय झालं, ते आपण जाणतोच.

वाट दाखवली पॉल-लुई सिमोंड यांनी, १८९८ मध्ये कराचीत. उंदीर मरून गार पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात, आणि त्यांच्या चाव्यातून रोग पुढे जातो. तज्ज्ञांना हे पटायला कित्येक वर्षं लागली. इकडे आपल्या खेड्यांतली माणसं मात्र उंदीर पडू लागले की घर सोडून रानात झोपडी बांधत. शास्त्र नसेल, पण निरीक्षण पक्कं होतं.

या रोगाला आपल्याकडे 'गाठीचा ताप' म्हणत. हे नावही नेमकं आहे. पिसू पायाला चावली की जंतू जांघेतल्या लसिका ग्रंथीत पोचतात. तिथे पांढऱ्या पेशी त्यांना अडवू पाहतात. ती सुजलेली गाठ म्हणजे या झुंजीची जागा. तिथे शरीर हरलं की जंतू रक्तात उतरतात. वाल्देमार हाफकिन यांनी उष्णतेने मारलेले जंतू टोचून शरीराला शत्रूची आधीच ओळख करून दिली. १० जानेवारी १८९७ रोजी ही लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. संरक्षण पूर्ण नव्हतं, तरी जीव वाचले.

आता २०२० आठवा. विषाणूची जनुकीय रचना जानेवारीतच जाहीर झाली होती. तरीही आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो, आणि शेजारच्या दारावर चिठ्ठी लागली की त्या घराकडे बघतही नव्हतो. रोगाची वाट ठाऊक नसली की संशय माणसावर जातो. पुण्यात तो सरकारने घेतला, या वेळी आपण घेतला. तेव्हा रँडला दोष देताना थोडं स्वतःकडेही पाहावं, एवढंच आज म्हणायचं होतं.