पाळीव प्राण्यांच्या खाद्याची वेष्टने
कुत्र्यामांजरांचे तयार खाद्य टिकावे व वाढायला सोपे जावे म्हणून घडवलेले डबे, पिशव्या आणि पाऊच. अमेरिकेत १९२२ मध्ये ‘केन-एल रेशन’ हे घोड्याच्या मांसाचे डबाबंद खाद्य आले. दुसऱ्या महायुद्धात कथिलाची टंचाई झाली आणि कोरड्या खाद्याला बाजार मिळाला. ओल्या खाद्याच्या आजच्या पाऊचला पॉलिएस्टर, ॲल्युमिनियमचा वर्ख व पॉलिप्रोपिलीन असे थर असतात. भरून सीलबंद केलेला पाऊच सुमारे १२१° से. तापमानाला दाबाखाली निर्जंतुक करतात. तो चपटा असल्याने उष्णता मध्यापर्यंत लवकर पोहोचते. फ्रिजमधले गार अन्न पुष्कळ मांजरे हुंगून सोडतात, त्यामुळे ८५ ग्रॅमचा एकवेळचा पाऊच सोयीचा. सोय अर्थात मालकाची: चिकटलेले थर सुटे करणे अवघड, म्हणून पुनर्चक्रीकरणात जुना पत्र्याचा डबाच सरस.