लग्नाचा आल्बम : कोणाच्या हातचा?

तुळशीचे लग्न लागले, की माळव्यात लगीनघाईला प्रारंभ होतो. इंदूर-बैतूल रस्त्यावरचे खातेगांव हे आज देवास जिल्ह्यात मोडत असले, तरी संस्थानी काळात हा नर्मदाकाठचा नेमावरचा मुलूख देवासच्या पवारांचा नसून इंदूरच्या होळकरांचा होता. राज्यकारभाराच्या निमित्ताने या भागात जी मराठी घरे येऊन स्थिरावली, त्यांतील एका परिचित घरी गेल्या हंगामात जाण्याचा योग आला. मुलीचे लग्न ठरले होते. पत्रिका, आचारी, वाजंत्री यांचा निर्णय झाला होता. एकाच गोष्टीवर घरात दोन पक्ष पडले होते. फोटोग्राफरकडून जाड पुठ्ठ्याचा, ज्याला आज बाजारात 'करिझ्मा' म्हणतात तसा, बांधीव आल्बम करून घ्यावयाचा, की त्याच्याकडून नुसते फोटो मागून घेऊन त्यांच्या प्रती आपण स्वतः छापवून घ्यावयाच्या? वधूपिता पहिल्या पक्षात होता, वधू दुसऱ्या. आजीबाईंना कोणी विचारले नव्हते. त्यांनी मात्र आपल्या ट्रंकेतून फोटोंचे एक जुने पुडके काढून मध्ये ठेवले आणि त्या म्हणाल्या, "आधी हे पाहा, मग भांडा."

हा वाद वरवर पाहता खर्चाचा व हौसेचा दिसतो. वस्तुतः तो छायाचित्रकलेइतकाच जुना आहे. घरच्या आठवणींचा मूळ ठसा कोणाच्या हाती असावा, कारागिराच्या की कुटुंबाच्या, हा त्यातील खरा प्रश्न होय. त्याचा इतिहास पाहिला, तर आजचा निर्णयही थोडा सोपा होईल.

छायाचित्रणाचा शोध युरोपात 1839 साली जाहीर झाला. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना 1854 साली झाली आणि तीत डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मराठी मंडळीही होती. हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर त्याच काळात मुंबईत छायाचित्रांचा धंदा मांडला. परंतु त्या वेळी 'फोटो आपण घरी छापू' असे म्हणण्याची सोय सामान्य गृहस्थाला नव्हती. काचेवर कलोडियनचा चिकट थर द्यावयाचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वी अंधाऱ्या खोलीत नेऊन धुवावयाची, असा तो सगळा खटाटोप. कागदावरची प्रत काढणेही तितकेच कष्टाचे. अंड्यातील पांढरा बलक लावलेला कागद रुप्याच्या क्षाराने संवेदनशील करून काचेखाली चौकटीत घट्ट बसवीत आणि ती चौकट उन्हात ठेवीत. आभाळ आले, की काम थांबे. तयार झालेला कागद पातळ असल्यामुळे त्याची गुंडाळी होई. म्हणून तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवावा लागे. अशा पुठ्ठ्यांना राहावयास घर हवे, यातूनच आल्बमला बहर आला. म्हणजे आल्बम हा आरंभापासून कारागिराच्या दुकानातून येणारा जिन्नस होता.

या धंद्याला माळव्यात जे वैभव आले, त्याचे श्रेय लाला दीनदयाळ यांच्याकडे जाते. मेरठजवळच्या सरधना येथे 1844 साली जन्मलेला हा तरुण रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकून 1866 साली इंदुरास बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीवर आला. तेथे कॅमेऱ्याचा नाद लागला. महाराज दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डेली यांनी त्याला उत्तेजन दिले. पुढे निजामाच्या दरबारी मान मिळून ते 'राजा' दीनदयाळ झाले. इंदूर, सिकंदराबाद व मुंबई येथे त्यांची चित्रगृहे होती. ज्या खातेगांवाची गोष्ट आपण बोलत आहो, ते ज्या संस्थानात होते त्याच्याच राजधानीत हिंदुस्थानातील एका श्रेष्ठ छायाचित्रकाराची कारकीर्द सुरू झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दीनदयाळांच्या कामाची रीत आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. गिऱ्हाइकाला प्रती मिळत, आल्बम मिळत. काच मात्र चित्रगृहात राही. दुसरी प्रत हवी असेल, तर पुन्हा त्याच दारी यावे लागे. यात धंद्याचा स्वार्थ होता हे उघड आहे. परंतु त्यातूनच एक मोठे कार्य घडले. दीनदयाळ 1905 साली वारले. आणि त्यांच्या काचांपैकी 2857 काचा 1989 साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने खरेदी केल्या. त्या काचा घरोघर वाटल्या गेल्या असत्या, तर त्यांतील किती आज शिल्लक राहिल्या असत्या? माळ्यावरच्या ट्रंकांचा आपला अनुभव फारसा आशादायक नाही. कारागिराच्या बाजूने एवढे तरी न्यायाने म्हटले पाहिजे.

तथापि या व्यवस्थेची दुसरी बाजूही त्या काळीच लोकांना जाणवत होती. आपल्या लेकीसुनांचे चित्र परक्याच्या दुकानात पडून राहावे, हे अनेक घरांना रुचत नसे. 1892 साली दीनदयाळांनी पडदानशीन स्त्रियांसाठी हैदराबादेस स्वतंत्र जनाना चित्रगृह उघडले आणि ते केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे सोपविले, ते याच संकोचावर उपाय म्हणून.

पुढे रसायनशास्त्राने हा एकाधिकार मोडला. कोरड्या काचा आल्या. फोटो काढल्याबरोबर त्या धुण्याची घाई उरली नाही. अमेरिकेत ईस्टमन यांनी 1888 साली 100 फोटोंची फीत भरलेला कोडॅक कॅमेरा 25 डॉलरना विकावयास काढला आणि 1900 साली मुलांनाही परवडेल असा एका डॉलरचा 'ब्राउनी' आणला. गंमत अशी, की पहिला कोडॅक कॅमेरा फोटो संपल्यावर जसाच्या तसा कारखान्याकडे परत पाठवावा लागे. प्रती छापून, नवी फीत भरून तो घरी येई. त्याचे 10 डॉलर निराळे. म्हणजे फोटो काढणे घरच्याच्या हाती आले. छापणे मात्र कारखान्याच्याच हाती राहिले.

छापण्याची विद्या घरी आणणाऱ्या मराठी माणसांत दादासाहेब फाळके यांचे नाव अग्रभागी येते. बडोद्याच्या कलाभवनात ते कॅमेरा शिकले. आपल्या माळव्यातील रतलाम येथे त्यांनी तिरंगी ठसे करण्याचे व अंधाऱ्या खोलीत प्रती काढण्याचे शिक्षण घेतले. नंतर गोध्रा येथे फोटोंचे दुकानही चालविले. 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' पुरा झाला, तेव्हा त्याची फीत धुण्याचे काम दादरच्या राहत्या घरी चालत होते आणि फितीला भोके पाडण्यापासून रसायने कालविण्यापर्यंतच्या कामात सरस्वतीबाई फाळके यांचा हात होता. एका मराठी गृहिणीने ही विद्या इतक्या लवकर आत्मसात केली होती, हे आज आपण 'हे आपल्याच्याने होणार नाही' असे म्हणताना आठवावे.

मधल्या काळात राजेलोक व रयत यांच्यातील अंतर फोटोंतही दिसते. 1930 च्या सुमारास इंदूरचे यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगितादेवी यांची छायाचित्रे युरोपात मॅन रे यांच्यासारख्या नामवंताने काढली. त्याच संस्थानातील खेड्यांत पुष्कळ घरी सबंध लग्नाचा एकच फोटो निघे : मधे वधूवर, शेजारी व्याही, पुढे सतरंजीवर पोरे. पुष्कळांच्या घरी तोही निघत नसे.

स्वातंत्र्यानंतर ही स्थिती पालटली. बडोद्यास तयार होणारा 'आगफा क्लिक थ्री' हा कॅमेरा मध्यम वर्गाच्या घरात आला. एका फितीत 12 चौकोनी फोटो. 1960 साली उटकमंड येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि 1967 पासून देशी फीत तयार होऊ लागली. धंदेवाईकाचा बांधीव आल्बम आणि घरच्या हौशी माणसाने काळ्या पानांवर कोपरे लावून बसविलेल्या प्रती, अशी दोन प्रकारची पुस्तके एकाच कपाटात नांदू लागली.

आजीबाईंच्या पुडक्यात हे दोन्ही प्रकार होते. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा फोटोग्राफरने केलेला आल्बम अजून नीटनेटका होता. अंतरपाट, सप्तपदी, लाजाहोम, सारे विधी क्रमाने होते. पण त्यांच्या विधवा आत्या, ज्यांनी त्यांना लहानाचे मोठे केले, त्या आल्बममध्ये कोठेही नव्हत्या. त्या काळच्या रूढीने त्यांना मांडवात पुढे येऊ दिले नव्हते, आणि फोटोग्राफरचा कॅमेरा मांडवाबाहेर गेला नव्हता. आत्यांचे एकमेव छायाचित्र एका चुलतभावाने क्लिक कॅमेऱ्याने मागच्या पडवीत काढलेले होते. त्या परातीत काहीतरी निवडीत बसल्या आहेत, मान अर्धी वळलेली आहे, चित्र किंचित हललेले आहे. भावाने आपल्या पैशाने त्याची तळहाताएवढी प्रत काढवून घेतली होती आणि मागे शिसपेन्सिलीने नाव व तिथी लिहिली होती. आजीबाई म्हणाल्या, "आल्बम लोकांना दाखवते. हा फोटो मी पाहते."

या एका वाक्यात दोन्ही पक्षांचा निवाडा जवळजवळ झाला. धंदेवाईक छायाचित्रकार समारंभ टिपतो, आणि तो चांगला टिपतो. मुहूर्ताच्या क्षणी तो चुकत नाही, मंद उजेडात त्याचे यंत्र डगमगत नाही. मात्र घरातले कोण आपल्याला मोलाचे आहे, हे त्याला ठाऊक नसते. ती निवड घरच्यांनीच केली पाहिजे. आणि प्रती स्वतः छापवून घेणे याचा मुख्य अर्थ ही निवड स्वतः करणे हा आहे.

आता व्यवहाराच्या दोन गोष्टी. पहिली कायद्याची. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले, तर उलट करार नसल्यास त्याच्या हक्काचा पहिला मालक काढवून घेणारा असतो. परंतु हक्क असणे आणि वस्तू हाती असणे यांत फरक आहे. पूर्वी काच दुकानात राही, आज मूळ संगणकीय फोटो फोटोग्राफरच्या यंत्रात राहतात. म्हणून आगाऊ रक्कम देतानाच, सर्व मूळ फोटो पूर्ण आकारात अमुक दिवसांत मिळावेत, असे कागदावर लिहून घ्यावे. सहा इंच लांब व चार इंच रुंद अशा साध्या प्रतीस इंचाला 300 ठिपके धरले, तर 1800 गुणिले 1200 ठिपक्यांचे चित्र पुरते. पण मोबाइलवरून संदेशात आलेले फोटो अनेकदा आकसलेले असतात आणि मोठी प्रत काढताच फिकट व भरड दिसतात.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. नीट धुतलेली कृष्णधवल प्रत शंभर वर्षे सहज काढते. रुप्याच्या कणांनी बनलेले ते चित्र असते. 1970 ते 1980 च्या सुमाराचे रंगीत फोटो मात्र रंगद्रव्यांचे, आणि त्यांतील निळसर द्रव्य अंधारातही विरते. म्हणून त्या काळच्या वऱ्हाडाचे चेहरे आज तांबूस दिसतात. चिकट पानांच्या आल्बमांनी त्यांची आणखी हानी केली. आजचा प्रयोगशाळेतील रंगीत कागद पुष्कळ सुधारला आहे. घरच्या यंत्रावर स्वस्त शाईने काढलेली प्रत मात्र उजेडात लवकर उडते. तेव्हा 'स्वतः छापणे' म्हणजे घरच्या यंत्रावरच छापणे असा हट्ट नसावा. फोटो आपण निवडावेत आणि प्रती चांगल्या प्रयोगशाळेतून काढवून घ्याव्यात. बांधीव आल्बमात एक पान भिजले, तर शेजारचीही चिकटतात. सुट्या प्रतींत एक गेली, तर दुसरी काढता येते.

खातेगांवच्या त्या घरी अखेर काय ठरले, ते सांगून हे भाषण पुरे करतो. आल्बम थोडक्या पानांचा, फक्त विधींचा, फोटोग्राफरकडून करून घ्यावयाचा. मूळ फोटो लेखी अटीने घ्यावयाचे. त्यांतून व घरच्यांनी काढलेल्यांतून शंभर निवडून त्यांच्या प्रती इंदुराहून आणवावयाच्या. निवड वधूने आजीजवळ बसून करावयाची. मूळ फोटोंचा एक संच माहेरी, एक सासरी. आणि प्रत्येक प्रतीच्या मागे, मऊ पेन्सिलीने, नाव, गाव व दिवस लिहावयाचा.

लग्नाच्या दिवशी मी पाहिले. फोटोग्राफर मांडवात अक्षतांची वाट पाहत उभा होता. वधूचा धाकटा भाऊ मागच्या दारी पोळ्या लाटणाऱ्या बायकांपुढे फोन धरून त्यांची नावे विचारीत होता. एकीने हात झाडून विचारले, "माझे नाव कशाला रे?" तो म्हणाला, "मागे लिहायला."