अमेरिकेंतील मध्यम वर्ग आणि आजारपणाचा विमा

अमेरिका म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें संपत्तीचें चित्र उभें राहतें. त्या देशांत बेताची मिळकत असलेल्या गृहस्थास स्वतःच्या पैशानें आजारपणाचा विमा उतरविणें जड जातें, असें सांगितल्यास पुष्कळांस नवल वाटेल. परंतु ही अडचण कालपरवांची नव्हे. तिचें मूळ शोधावयाचें तर सुमारें शंभर वर्षें मागें जावें लागतें.

१९२९ सालीं टेक्सस संस्थानांतील डॅलस शहरीं बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाचा कारभार जस्टिन फोर्ड किंबल हे पाहत होते. ते पूर्वीं त्याच शहरांतील शाळांचे अधीक्षक होते. रुग्णालयाचें देणें थकलेल्या लोकांत पुष्कळ शिक्षक असल्याचें त्यांच्या ध्यानांत आलें. तेव्हां त्यांनीं एक योजना काढली. शिक्षकांनीं दरमहा अर्धा डॉलर द्यावा आणि त्याबद्दल वर्षांत २१ दिवसांपर्यंत रुग्णालयांत त्यांची व्यवस्था व्हावी. मीं जन्मभर शिक्षकी केली आहे. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यांत घरांत ताप शिरला, तर हातांतले पैसे डॉक्टरास द्यावे कीं वाण्यास, हा प्रश्न मला चांगला ठाऊक आहे. म्हणून त्या अर्ध्या डॉलराची किंमत मला समजते.

याच योजनेंतून पुढें ‘ब्लू क्रॉस’ या नांवानें प्रसिद्ध झालेल्या विमासंस्था वाढल्या. त्यांचें बळ समूहांत होतें. समूहांत धडधाकट माणसें बरींच आणि आजारी थोडीं, त्यामुळें सर्वांचा हप्ता हलका होतो. उलट जो एकटाच विमा मागावयास येतो, तो बहुधा दुखणें लपवून आला असावा, असा विमेवाल्यांस संशय येतो. एकट्या माणसाच्या हालांचें बीज या संशयांत आहे.

दुसऱ्या महायुद्धांत या बीजास पाणी मिळालें. १९४२ सालीं सरकारनें पगारवाढीस बंधन घातलें. परंतु मालकानें दिलेला विमा त्या बंधनांतून मोकळा राहिला. कामकरी टिकवावयाचे म्हणून कारखानदार पगाराऐवजीं विमा देऊं लागले. १९५४ सालच्या कायद्यानें मालकानें भरलेला हप्ता नोकराच्या प्राप्तिकरांतून वगळण्यांत आला, आणि युद्धकालची सोय कायमची झाली. स्वतंत्र धंदा करणाऱ्यास मात्र आपल्या हप्त्यावर पूर्ण करसवलत मिळण्यास २००३ साल उजाडावें लागलें.

सर्वांसाठीं एकच राष्ट्रीय विमा असावा, ही सूचना राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनीं १९४५ सालीं मांडली. डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेनें तिला कडाडून विरोध केला व ती बारगळली. १९६५ सालीं राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनीं वृद्धांसाठीं मेडिकेअर व गरिबांसाठीं मेडिकेड या योजनांच्या कायद्यावर सही केली, तेव्हां वृद्ध ट्रुमन त्यांच्या शेजारीं बसले होते.

आतां राहिलें कोण? नोकरदारास मालक होता, म्हाताऱ्यास मेडिकेअर आणि अनेक गरिबांस मेडिकेड. राहिला तो लहान दुकानदार, शेतकरी, कारागीर, आणि साठीच्या आंत नोकरी गमावलेला गृहस्थ. मधुमेह वा हृदयविकार पूर्वींपासून असल्यास बहुतेक संस्थानांत कंपन्या त्यास विमाच नाकारीत, अथवा तें दुखणें सोडून बाकीच्याचा विमा देत.

२०१० सालीं राष्ट्राध्यक्ष ओबामा यांच्या कारकीर्दींत मोठा कायदा झाला. २०१४ पासून जुन्या दुखण्यासाठीं विमा नाकारणें बंद झालें, आणि एकट्यानें विमा घेणाऱ्यास सरकारी साहाय्य मिळूं लागलें. हा उपकार लहान नव्हे. परंतु साहाय्याची सीमा दारिद्र्यरेषेच्या चौपट मिळकतीपाशीं आखलेली होती. २०१४ सालीं एकट्या माणसासाठीं ती ४५,९६० डॉलर होती. ज्याची मिळकत ४६,००० डॉलर, त्याला कांहींच मिळत नसे. शिवाय तरुणापेक्षां वृद्धत्वाकडे झुकलेल्या माणसाकडून तिपटीपर्यंत हप्ता घेण्याची कंपन्यांस मुभा होती. म्हणजे मेडिकेअरचें ६५ वें वर्ष गांठण्यापूर्वीं चार-पांच वर्षें, मिळकत सीमेच्या किंचित् वर असलेल्या दुकानदाराची स्थिति काय होत असेल, याची कल्पना करावी.

२०२१ सालीं ही सीमा तात्पुरती काढण्यांत आली. ठराविक दर्जाच्या विम्यास मिळकतीच्या साडेआठ टक्क्यांहून अधिक भरावें लागूं नये, असें ठरलें. ही सवलत पुढें २०२५ अखेरपर्यंत वाढविण्यांत आली. ती आणखी वाढवावी कीं नाहीं, या तंट्यांत २०२५ च्या आक्टोबर-नोव्हेंबरांत मध्यवर्ती सरकारचें बरेंचसें कामकाज ४३ दिवस बंद पडलें. शेवटीं वर्ष सरलें, सवलतीची मुदतहि सरली.

एकाचा भार अनेकांनीं उचलावा, हें विम्याचें सार आहे. डॅलसच्या शिक्षकांस तो अर्ध्या डॉलरांत पेलला, कारण ते एकमेकांसह मोजले गेले. आपल्या कष्टानें जगणारा, कोणापुढें हात न पसरणारा मधला माणूस त्या ‘अनेकां’त कायमचा मोजावयाचा कीं मुदतीपुरता, हा प्रश्न अमेरिकेनें शंभर वर्षांत पुन्हां पुन्हां पुढें ढकलला आहे. आजारपण मात्र कायद्याची मुदत पाहून येत नाहीं.