चाकं बदलली, पण गाडी?



गेल्या महिन्यात कॅनडातून भाच्याचा फोन आला. तो अल्बर्टा प्रांतात असतो, हे आपल्या नातेवाईकांना माहीत आहेच. तिकडे हिवाळ्यात बर्फावर चालवायची स्कूटर असते. मागे रबरी पट्टा फिरतो आणि पुढे चाकांऐवजी दोन घसरपट्ट्या असतात. त्यांना स्की म्हणतात. त्याने ही गाडी जुनी घेतली आणि तिच्या मूळच्या स्की काढून बाजारातल्या रुंद स्की बसवल्या. भुसभुशीत बर्फात गाडी रुतू नये आणि नीट वळावी, एवढाच हेतू.

"पण मामा, पहिल्या दिवशी गाडी आधीपेक्षा वाईट चालली," तो म्हणाला. "हँडल जड झालं आणि जुन्या चाकोरीत गेली की आपोआप इकडे-तिकडे पळायला लागली."

मी विचारलं, "नुसत्या स्की बदललास, की गाडीला जमवून घेतल्यास?"

तो गप्पच झाला. सत्तरी ओलांडलेल्या, चंदगडसारख्या गावात राहणाऱ्या, उभ्या जन्मात बर्फात पाऊल न टाकलेल्या मामाला हे कसं सुचलं, याचं त्याला नवल वाटलं. पण हा धडा मी वयाच्या बाराव्या वर्षी घरच्या अंगणातच शिकलो होतो. आज त्याचीच गोष्ट सांगतो.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्या महाराष्ट्रातली गाडी किती जुनी? तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळ दायमाबाद नावाचं गाव आहे. तिथे १९७४ साली जमिनीत काशाच्या चार जड वस्तू सापडल्या. त्यात दोन बैल जुंपलेला एक रथ आहे, त्यावर माणूस उभा आहे. तो किती जुना यावर विद्वानांत मतभेद आहेत, पण बरेच जण तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा मानतात. त्याची चाकं भरीव आहेत, आरे नाहीत. म्हणजे भरीव चाकापासून आरेवाल्या चाकापर्यंत, आणि तिथून लोखंडी धावेपर्यंत, कुणीतरी कधीतरी आपल्या गाडीचं चाक बदललेलंच आहे. सुधारणा ही काही इंग्रजांनी आणलेली गोष्ट नव्हे.

माझ्या लहानपणची गाडी म्हणजे लाकडी चाकांची. चाक जवळजवळ माझ्या उंचीचं. मधे तुंबा, त्यात ठोकलेले बारा आरे, आऱ्यांवर सहा पाटे आणि सगळ्यांना कवटाळून बसलेली लोखंडी धाव. धाव बसवणं हा आम्हा मुलांचा सोहळाच असे. शेणी रचून त्यात धाव लालबुंद तापवायची, चिमट्यांनी उचलून चाकावर घालायची, घणाचे ठोके द्यायचे आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड थंड होताना आकसतं आणि सगळं चाक करकचून आवळतं. खिळा नाही की डिंक नाही. पुढे शाळेत 'उष्णतेने प्रसरण' शिकवताना मी पुस्तकाआधी हीच गोष्ट सांगत असे. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव सैल व्हायची, मग चाकं नेऊन ओढ्यात बुडवून ठेवायची.

हे सगळं सुतार-लोहार बलुत्यावर करत. वर्षाला ठरलेलं धान्य द्यायचं आणि गाडी मोडली की हाक मारायची. रोख पैशाचा संबंध फारसा यायचा नाही.

आता या चाकाचा शत्रू कोण, तर डांबरी रस्ता! आपला तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. त्या वर्षी राज्य पुनर्रचनेत तो कोल्हापूरकडे आला, पण बाजारपेठ बेळगावचीच राहिली. बेळगावहून शिनोळीवरून आंबोलीकडे जाणारा वेंगुर्ल्याचा रस्ता हा इंग्रजांनी बंदरातून छावणीकडे माल नेण्यासाठी वापरलेला मार्ग. त्यावर डांबर पडलं आणि लोखंडी धाव रस्ता कापते म्हणून ओरड सुरू झाली. उलट धावेखाली प्रत्येक दगड लागला की भार उचलायचा कुणी? बैलाच्या मानेनं!

यावरचा उपाय म्हणजे हवा भरलेलं चाक. त्याची कल्पना रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ सालीच पेटंट करून ठेवली होती. ती चालली नाही. पुढे १८८८ च्या सुमारास बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेची नळी बसवली आणि मग ती जगभर गेली. हा डनलॉप धंद्याने गुरांचा डॉक्टर होता, हे मला फार पुढे वाचनात आलं. त्याच्या नावाच्या कंपनीने १९३६ साली बंगालमध्ये साहागंज येथे कारखाना काढला आणि आपल्याकडे टायर कुठल्याही कंपनीचा असो, टायरच्या गाडीला 'डनलॉप गाडी' हेच नाव पडलं.

१९६२ साली आमच्या आप्पांनी बेळगावहून अशी चाकं आणली. मोटारीच्या मोडीतला आस, जुने टायर, पण आत बेअरिंग! जुनी चाकं काढून गाडी त्यावर बसवली. बैल जुंपले आणि गाडी नुसत्या हाकेने निघाली. आप्पांच्या चेहऱ्यावरचा आनंद अजून आठवतो.

तो आनंद चार दिवस टिकला. गाडीत भाताची पोती भरली की ती उलार व्हायला लागली. म्हणजे मागचा भाग खाली, पुढचं जू वर आणि जोत्यांनी बैलांचे गळे आवळलेले. आप्पा पोती पुढे सरकवायचे, तर सगळा भार मानेवर यायचा. काही केल्या जमेना. शेवटी सुतारमामांना बोलावलं.

सुतारमामा खरं तर न येते तरी चाललं असतं. या टायरच्या चाकांनी त्यांचंच काम जाणार होतं आणि ते त्यांना आमच्यापेक्षा आधी कळलं होतं. पण ते आले. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली बसून बघितलं आणि म्हणाले, "आप्पा, चाकं बदलली तुमी. गाडी कोन बदलनार?"

मग त्यांनी जे सांगितलं ते भूमितीच्या प्रमेयासारखं होतं. लाकडी चाक उंच, त्यामुळे आस उंच. टायरचं चाक त्याच्या निम्म्याला जरा वर, त्यामुळे आस खाली गेला. पण बैलाची मान होती तिथेच! पुढचं टोक वर आणि मागचं खाली, म्हणजे साटा मागे कलणार, माल मागे सरकणार, गाडी उलार होणार. त्यांनी आसावर लाकडाचे ठोकळे बसवून साटा उचलला आणि आस चार बोटं मागे घेतला. मग दोन पोती ठेवून स्वतः जू हातांनी उचलून बघितलं. मानेवर थोडा भार राहिला पाहिजे, अजिबात नसला तर गाडी उलार, जास्त झाला तर मान सोलते. हातानेच अंदाज घेत त्यांनी ते जमवलं. आप्पांनी पैसे देऊ केले तर म्हणाले, "सुगीला बघू."

गाडी सुंदर चालू लागली. पण एक गोष्ट सुतारमामांच्याही ध्यानात आली नाही, आणि आप्पांच्याही.

लाकडी चाक मुळात जड फिरायचं. चढणीला तो दोष होता, पण उतारावर तोच ब्रेक होता! टायरच्या चाकाला ती अडवणूक राहिली नाही. त्याच वर्षी मार्गशीर्षात नदीकडच्या उतारावर भरलेली गाडी बैलांच्या अंगावर आली. जोडीतला पाखऱ्या गुडघ्यांवर पडला आणि गाडी त्याला तशीच काही हात रेटत घेऊन गेली. मी पोत्यांवर बसलो होतो. आप्पा उडी मारून चाकाखाली दगड घालत होते, ओरडत होते. गाडी थांबली तेव्हा पाखऱ्याचा पुढचा पाय गेला होता.

पाखऱ्या वाचला, पण पुन्हा कधी जुवाखाली आला नाही. लोकांनी बाजार दाखवायला सांगितलं. आप्पांनी ऐकलं नाही. तो आमच्या गोठ्यात आणखी सहा वर्षं जगला. आप्पा रोज त्याला पहिली वैरण घालत आणि त्याच्याकडे न बघता बाहेर येत. चूक कुणाची यावर ते कधी बोलले नाहीत. एवढंच की पंधरा दिवसांत लोहाराकडून त्यांनी मागच्या बाजूला एक आडवा ओंडका बसवून घेतला. मळसूत्र आवळलं की तो दोन्ही टायरांवर दाबला जायचा. तोवर गाडी अंगणात उभी राहिली.

पुढे शिक्षक झाल्यावर मी यावर मिळेल ते वाचलं. जनावरांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध १९६० साली कायदा झाला आणि १९६५ साली ओझ्याचे नियम आले. दोन चाकी गाडीला मध्यम बैलांची, म्हणजे २०० ते ३५० किलो वजनाच्या बैलांची, जोडी असेल तर साध्या चाकांवर ७०० किलो आणि हवेच्या टायरवर १०५० किलो, अशी मर्यादा. किलोमीटरभर किंवा जास्त चढण असेल आणि ती तीस मीटरला तीन मीटरपेक्षा तीव्र असेल, तर ओझं निम्मं. नियम चांगला आहे. पण तो वाचताना मी थबकलो. त्यात चढणीचा विचार होता. आमचा पाखऱ्या उतारावर पडला होता!

बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतरच्या काळात बैलगाडी सुधारणेचा ध्यास घेतला. बैलाच्या मानेला इजा न करणारं जू आणि गाडीला ब्रेक, हे त्यांच्या सांगण्यात असे. मोठमोठ्या यंत्रांच्या काळात एवढा मोठा माणूस बैलगाडीवर बोलतो म्हणून काही लोक हसलेही असतील. मला मात्र दरवेळी पाखऱ्या आठवायचा.

साखर कारखान्यांच्या काळात टायरगाड्यांची रांग लागली. हलकर्णीच्या दौलत कारखान्याकडे जाणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत. गाडी हलकी ओढते म्हटल्यावर बैलाचं ओझं कमी झालं का? नाही. माल वाढला. दोन-दोन टन ऊस एका जोडीमागे! सुधारणेचा फायदा कुणाच्या वाट्याला जातो, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात क्वचितच विचारलेला असतो.

असो. भाच्याच्या गाडीकडे येतो. बर्फगाडीची जन्मकथाही दुःखाचीच आहे. क्विबेकमधल्या वॅलकोर्ट गावच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए याने पंधराव्या वर्षी, १९२२ साली, पहिली बर्फावर चालणारी गाडी बनवली. पण १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा लहान मुलगा पोटाच्या दुखण्याने गेला. रस्ते बर्फाने बंद, इस्पितळात नेता आलं नाही. त्यानंतर त्याचं काम छंदापुरतं राहिलं नाही. १९३७ साली त्याला पट्ट्याच्या यंत्रणेचं पेटंट मिळालं, सात माणसांची गाडी आली आणि १९५९ साली दोघांना बसता येईल अशी 'स्की-डू'. पावसाळ्यात आडगावच्या बाळंतिणीला डोलीतून आणताना पाहिलेल्या आपल्या लोकांना त्या बापाची तगमग वेगळी समजावून सांगायला नको.

भाच्याने पुढच्या आठवड्यात गाडी एका जाणत्या मेकॅनिकला दाखवली. त्याने सांगितलेलं भाच्याने मला ऐकवलं. रुंद स्की खोल ताज्या बर्फात तरंगते, पण दाबलेल्या वाटेवर अरुंद स्की बरी, म्हणून आधी आपण कुठे चालवतो ते ठरवायचं. स्कीच्या खाली मधोमध एक उभी कड असते आणि तिच्यात कठीण धातूची पट्टी. ती बर्फात रुतते म्हणून गाडी वळते. कड खोल असली तर वळण पक्कं, पण हँडल जड. दोन कडांची स्की चाकोरीत कमी भरकटते. दोन्ही स्की मागच्या पट्ट्याशी दोरी किंवा सरळ पट्टी लावून जुळवायच्या आणि टोकं किंचित, काही मिलिमीटरच, बाहेर ठेवायची. टोकं आत वळली तर गाडी भरकटते. शिवाय स्की आणि तिचा दांडा यांच्यामध्ये रबराचा ठोकळा असतो. तो चुकला तर स्कीचं टोक एक तर खाली खुपसतं, नाही तर वर उचलतं.

"ठोकळा!" मी फोनवर ओरडलोच. भाच्याला वाटलं, मामाला काय झालं.

भाच्याची गाडी आता सरळ चालते. मी त्याला एकच गोष्ट पुन्हा विचारली, "उतारावर बघितलीस का?" तो म्हणाला, "नाही मामा, अजून सपाटीवरच चालवली." मी म्हटलं, आधी रिकामी, आधी हळू आणि आधी लहान उतार. तो हसला, पण "बरं" म्हणाला.

सुतारमामांचा मुलगा पुढे बेळगावला फर्निचरच्या कामाला गेला. आमच्या जुन्या लाकडी चाकांपैकी एक अजून परड्यात भिंतीला टेकून उभं आहे. मध्यंतरी एक गृहस्थ हॉटेलच्या फाटकावर लावायला ते विकत मागत होते. मी नाही म्हटलं. दुसरं चाक आप्पांच्या काळातच कुणी तरी नेलं. आपल्या नातेवाईकांपैकी कुणाला ते कुठे गेलं हे माहीत असेल तर जरूर कळवा.