कन्हान: मुकादमापासून मुख्याधिकाऱ्यापर्यंत

साल 1885. कामठीच्या छावणीकडून निघालेली तुमची बैलगाडी कन्हान नदीच्या दगडी पुलावर चढते. माघ सरत आलाय. खाली नदीने पात्र आवरलंय आणि मोकळ्या वाळूत डांगरवाड्या लागल्यात. वेलांना पाणी घालायला बायका वाळूतल्या झिऱ्यांतून मडकी भरून नेतात. पलीकडे नागपूर-छत्तीसगड रेल्वेची मीटरगेज गाडी धूर सोडत जाते. ही लाइन इथून थेट राजनांदगावला पोचते आणि ती पडून अजून फार वर्षं झालेली नाहीत. नदी ओलांडली की रामटेक तहसील लागली. तुम्ही या काठावरच्या एका मौज्यातले कूळ आहात. चार एकर जमीन कसता, पण ती तुमच्या नावाची नाही. गाव मालगुजाराचं, म्हणजे सरकारला सारा भरणाऱ्या गावमालकाचं आहे.

आज त्याच्या वाड्यावर गर्दी आहे. कोतवालाने काल संध्याकाळी दवंडी दिली होती, ती आसपासच्या गावांच्या मुकादमांसाठी, म्हणजे गावप्रमुखांसाठी. तुम्हाला बोलावणं नव्हतं, तरी तुम्ही आलात आणि ओसरीच्या खाली, बैलांच्या दावणीशेजारी जागा धरून बसलात. वर सतरंजीवर मुकादम बसलेत. बहुतेक जण आपापल्या गावचे मालगुजारही आहेत. पटवाऱ्याने बस्ता सोडलाय, दौत-टाक मांडलाय आणि तो मोडीत काही खरडतोय.

सिमल्याला 18 मे 1882 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी एक ठराव काढला. लोकांनी आपल्या भागाचा कारभार आपण पाहावा, चुकत-माकत का होईना शिकावा, असा त्याचा रोख होता. पुढच्या वर्षी मध्य प्रांतात स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. जिल्ह्याला डिस्ट्रिक्ट कौन्सिल, तहसिलीला लोकल बोर्ड. गावांचे गट पाडून सर्कल केले आणि प्रत्येक सर्कलमधल्या मुकादमांनी आपल्यातला एक जण बोर्डावर धाडायचा. व्यापाऱ्यांचेही काही सदस्य, आणि एक तृतीयांशापर्यंत सरकारने नेमलेले. एवढा सगळा थाट सिमल्याहून निघून आज या ओसरीवर येऊन ठेपलाय.

मतपेटी नाही, हात वर करणं नाही. एक नाव पुढे येतं, दोघं-तिघं मान हलवतात, कुणीतरी सुपारी पुढे सरकवतो. काम झालं. तुम्ही शेजारी उभ्या असलेल्या कोतवालाला हळूच विचारता, ‘‘आपलं नाव कोन्या यादीत हाय का जी?’’

‘‘यादी मुकादमाईची हाय बाप्पा. तुमचं नाव पटवाऱ्याच्या जमाबंदीत हाय, तेवढं पुरे.’’

खरं तर तेवढं पुरेसं नाही, आणि हे तुम्हाला कळतं. साऱ्यासोबत मालगुजार जी रस्तापट्टी आणि शाळापट्टी भरतो, ती शेवटी तुमच्याच धानातून आणि जवसातून निघते. बोर्ड त्या पैशातून सडका दुरुस्त करणार, शाळा चालवणार, कोंडवाडा सांभाळणार. तुमची म्हैस कुणाच्या वावरात शिरली तर ती याच कोंडवाड्यात जाईल आणि दंडाचे आणे याच बोर्डाकडे जमा होतील. पैसा तुमचा, म्हैस तुमची, पण शब्द मुकादमाचा. भारतातल्या ग्रामीण स्वराज्याचा आरंभ आपण मोठ्या अभिमानाने सांगतो; तो असा होता, आणि हे सांगताना ओसरीच्या खाली बसलेल्या माणसाला वगळून चालणार नाही.

आता पुढे चला. 1920 साली ग्रामपंचायतींचा पहिला कायदा येतो, मध्य प्रांतात थोड्या गावांत पंचायती उभ्या राहतात, आणि तुमच्या रोजच्या जगण्यात त्याने फारसा फरक पडत नाही. तिथे थांबायचं कारण नाही.

1948 साली मात्र थांबायला हवं.

जुलैची पहिली तारीख आहे, पुलाखालून गढूळ पाणी वाहतंय. आता लाइन मोठी झालीय. रामटेककडून येणाऱ्या फाट्यावर मँगनीजचे वॅगन उभे आहेत. मनसर-कांद्रीच्या खाणी सुरू होऊन जवळजवळ अर्धं शतक झालं. स्टेशनाजवळ चहाची दुकानं आहेत आणि तिथे वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं जातंय. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या सरकारने आजपासून जुन्या डिस्ट्रिक्ट कौन्सिल बंद करून प्रत्येक तहसिलीला जनपद सभा दिलीय. ही योजना मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांची. स्वतंत्र देशात केलेला हा मोठा प्रयोग होता आणि आज विदर्भाबाहेर तो जवळजवळ कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. जिल्हा माणसाला लांब पडतो आणि एकटं गाव फार लहान ठरतं. तहसील मात्र बाजाराच्या दिवशी पायी गाठता येते, तेव्हा सत्ता तिथे ठेवावी, असा त्यामागचा विचार. कार्यकारी अधिकारी मात्र महसूल खात्याचेच. म्हणजे सभा लोकांची आणि अंमलाची चावी सरकारकडे. ही गाठ पुढेही कधी सुटली नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात तुम्ही दिल्लीला घटना समितीच्या गॅलरीत जाऊन बसा. राज्यघटनेच्या मसुद्यात ग्रामपंचायतीला स्थानच नाही. 4 नोव्हेंबरला डॉ. आंबेडकर मसुदा मांडतात आणि खेड्याच्या गौरवाला सरळ उत्तर देतात: जे खेडं म्हणजे संकुचितपणाचं डबकं आणि अज्ञानाची गुहा, त्याला राज्यव्यवस्थेचा पाया का मानायचं? सभागृहात अनेकांना हे झोंबतं. 22 नोव्हेंबरला के. संथानम यांची दुरुस्ती येते आणि ग्रामपंचायती उभारण्याचं कर्तव्य राज्यांवर टाकणारं कलम, म्हणजे आजचं कलम 40, मंजूर होतं. पण ते मार्गदर्शक तत्त्वांत, जिथे कोर्टात दाद मागता येत नाही. ओसरीच्या खाली बसून आलेल्या माणसाला आंबेडकरांचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. गावाला सत्ता देताना ती गावातल्या कुणाच्या हाती पडते, हे आधी पाहावं लागतं.

कन्हानच्या काठावर त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर 31 मार्च 1951 ला मिळतं. मालगुजारी संपते. पटवाऱ्याचा बस्ता वाड्यावरून उठतो आणि तुम्ही सारा थेट सरकारला भरू लागता. पुढच्या हिवाळ्यात पहिली सार्वत्रिक निवडणूक होते. शाळेच्या वर्गात पेट्या मांडल्यात, प्रत्येकीवर चिन्ह. तुमची बायको पदर सावरत आत जाते आणि बाहेर येऊन काही न बोलता बोटावरची शाई बघत राहते. मुकादमाची यादी आता उरलेली नाही.

मग राज्यच बदलतं. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात जातो. नागपूरची राजधानी जाते, अर्जांवरचे पत्ते बदलतात. 1 मे 1960 ला महाराष्ट्र होतो. तेव्हा एकाच राज्यात तीन तऱ्हांचा कारभार चालू असतो: पश्चिम महाराष्ट्रात लोकल बोर्डं, मराठवाड्यात निजामी राज्यातून आलेली व्यवस्था आणि आपल्याकडे जनपद सभा. या सगळ्यांची मोट बांधायचं काम महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या समितीकडे येतं. नाईक पुसदचे, विदर्भातलेच. 1957 साली बलवंतराय मेहता समितीने देशासाठी गटपातळीवर, पंचायत समितीवर भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा परिषद बळकट करायचं ठरवलं.

1 मे 1962 रोजी तुम्ही स्टेशनजवळ त्याच दुकानासमोर उभे आहात. उन्हाने डांबर मऊ झालंय. आज जनपद सभा संपल्या आणि नागपूर जिल्हा परिषद सुरू झाली. शाळेच्या भिंतीवर जनपद सभेचं नाव आहे. उद्या-परवा कुणीतरी त्यावर चुना मारेल. शेजारचा म्हातारा विचारतो, ‘‘भाऊ, आता रामटेकले जायचं का नागपूरले?’’ प्रश्न साधा आहे आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत नेमका प्रश्न वाटतो. जिल्हा परिषदेने महाराष्ट्राला खूप दिलं: शाळा, दवाखाने, रस्ते आणि गावातून वर आलेल्या पुढाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या. पण त्या दिवशी विदर्भाच्या माणसापासून निर्णयाची जागा तहसिलीतून जिल्ह्याला सरकली, हेही घडलं.

इथून पुढे स्टेशनाभोवतीचं कन्हान गाव वाढू लागतं. आसपास कोळशाच्या खाणी, वेस्टर्न कोलफील्ड्सच्या वसाहती, कारखाने, जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग. रामटेकमधून पारशिवनी तालुका वेगळा होतो आणि कन्हान त्यात जातं. पहिल्या पाळीचा भोंगा, सायकलींची रांग, डब्यांचा खडखडाट. पण सरकारी कागदावर हे गावच आहे. ग्रामपंचायत, सरपंच, ग्रामसेवक.

24 एप्रिल 1993 ला 73वी घटनादुरुस्ती लागू होते. मार्गदर्शक तत्त्वांत पडून असलेल्या पंचायतीला आता घटनेचं पक्कं बळ मिळतं. दर पाच वर्षांनी निवडणूक, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा, महिलांना किमान एक तृतीयांश, अकराव्या अनुसूचीत 29 विषय. 2011 पासून महाराष्ट्रात महिलांचा वाटा निम्मा झाला. 1948 साली दिल्लीत विचारलेल्या प्रश्नाला हे 45 वर्षांनी दिलेलं उत्तर आहे, आणि या घटनादुरुस्तीची खरी मोठी गोष्ट तीच.

या नव्या शतकाच्या सुरुवातीची एक ग्रामसभा बघा. 15 ऑगस्टचं झेंडावंदन आटोपलंय. लाडूचं पाकीट हातात घेऊन तुम्ही खुर्चीवर बसता. समोर टेबलावर ठराव-नोंदवही, हजेरीचा कागद आणि नमुना 8 ची जाड वही. तिच्यात गावातलं एक-एक घर उतरवलेलं आहे: मालकाचं नाव, कच्चं की पक्कं, लांबी-रुंदी, आकारलेली घरपट्टी. तुमच्या घराच्या ओळीत खोल्या दोन लिहिल्यात. तिसरी तुम्ही गेल्या वर्षी बांधली. पुढच्या पानावर एक चिठ्ठी टाचलीय, कुणाचातरी हरकतीचा अर्ज. पावसाचा ओलावा लागून शाई पसरलीय.

कोरम मोजणं सुरू होतं. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला लहान आकडा धरायचा. कन्हानची वस्ती तेव्हा 20 हजारांच्या वर आहे, म्हणून इथे 100. माणसं कमी भरली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची गरज नाही. ग्रामपंचायतीचे सदस्य जास्तीत जास्त 17 असतात. वस्ती आठ हजार असो की वीस हजार, कायदा याच्या वर जात नाही. नाल्या, कचरा, पथदिवे, कारखान्यांचं पाणी, भाड्याच्या खोल्यांतले मजूर, हे सगळं या 17 जणांनी आणि एका ग्रामविकास अधिकाऱ्याने पेलायचं. देशाच्या प्रशासनात ‘गाव’ नावाचं एकच माप आहे आणि त्यात डोंगरातला पाडाही बसवायचा, कन्हानही बसवायचं.

तरी इथे एक गोष्ट होते. मागच्या रांगेतून एक बाई उठते आणि नळ चार दिवसांआड का येतो, असं विचारते. कन्हान नदीचं पाणी नागपूर शहराला जातं, मग काठावर राहून आम्ही का थांबायचं? तिला कुणाची परवानगी लागत नाही, ती कुणाची प्रतिनिधी नाही. तिचं नाव मतदार यादीत आहे, बस. तिचा प्रश्न ठराव-नोंदवहीत लिहावा लागतो. मालगुजाराच्या ओसरीपासून इथवर यायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

2011 च्या जनगणनेत कन्हान ‘जनगणना शहर’ म्हणून मोजलं जातं: किमान 5,000 वस्ती, काम करणाऱ्या पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं. म्हणजे मोजणाऱ्यांच्या लेखी शहर, कारभाराच्या लेखी गाव. त्यानंतर कन्हान-पिपरी नगरपरिषद होते. पाटी बदलते. सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष, ग्रामविकास अधिकाऱ्याच्या जागी मुख्याधिकारी. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी तुम्ही आता मत देत नाही. विकास आराखडा, बांधकाम परवानगी, मोठा निधी, अभियंते असं शहराला लागणारं पुष्कळ काही दारात येतं. हे व्हायलाच हवं होतं, बहुधा पुष्कळ आधी.

पण आता 15 ऑगस्टला खुर्च्या मांडून ठेवा आणि त्या बाईला शोधा. नगरपरिषदेत ग्रामसभा नसते. घटनेने सक्तीच्या केलेल्या प्रभाग समित्या तीन लाख किंवा त्याहून मोठ्या शहरांना. क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण ती ग्रामसभेसारखी लोकांच्या सवयीत उतरली नाही. बाईला आता नगरसेवकाकडे जावं लागेल, नाहीतर कार्यालयात अर्ज द्यावा लागेल. गावाचं शहर होताना सुविधा वाढल्या आणि प्रश्न विचारायची हक्काची जागा गेली. अशी अर्धी गावं, अर्धी शहरं महाराष्ट्रात जागोजागी आहेत, आणि त्यांची नगरपरिषद होताना या नुकसानीचा हिशेब कुणी मांडत नाही. तो मांडला पाहिजे आणि लहान शहरांतही प्रभागसभा ग्रामसभेइतकीच बंधनकारक केली पाहिजे.

तोवर, तुम्ही अजून ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहत असाल, तर 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखांच्या ग्रामसभेची नोटीस कधी लागते ते बघा. जा, नमुना 8 मधली आपल्या घराची नोंद वाचायला मागा, प्रश्न विचारा, आणि तो ठराव-नोंदवहीत उतरल्याशिवाय उठू नका.